ट्रान्सफॉर्मर नसलेला जुना व्हॉल्व सेट: प्लग लावायच्या आधी एवढं नक्की करा

माळ्यावर पडलेला आजोबांचा व्हॉल्व रेडिओ, म्हणजे काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबांवर चालणारा, खाली काढायचा, पुसून चकाचक करायचा आणि त्याला मोबाईल जोडून गाणी लावायची, हे सध्या जळगाव, धुळे, नंदुरबार सगळीकडे जोरात चाललंय आणि मला ते मनापासून आवडतं. भुसावळ, चाळीसगावच्या भंगारात असे सेट अजून निघतात, कोणी ऑनलाइन जुना छोटा गिटार अॅम्प्लिफायर पण मागवतं. पण या सेटांमधे एक जात अशी आहे की तिच्यात मेन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे घरातली लाइट (मेन) आणि सेट यांना वेगळं ठेवणारा ट्रान्सफॉर्मर, नसतोच, घरातल्या सॉकेटमधली वायर थेट आतल्या लोखंडी चॅसीला, म्हणजे सांगाड्याला, जोडलेली असते, आणि हे माहीत नसताना पोरं त्यात ऑक्स वायर खुपसतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे. मोठा आहे, पण प्लग लावायच्या आधी पूर्ण वाचा.

आधी हे असं का बनवलं ते बघू. त्या काळी काही शहरांत डीसी लाइट होती आणि डीसीवर ट्रान्सफॉर्मर चालत नाही. दुसरं कारण पैसे, कारण ट्रान्सफॉर्मर म्हणजे तांबं आणि लोखंड, सेटमधला सगळ्यात जड आणि महाग भाग, तो काढला की सेट हलका आणि स्वस्त. मग सगळ्या व्हॉल्वचे हीटर, म्हणजे व्हॉल्व तापवणाऱ्या आतल्या तारा, एकापाठोपाठ एक सिरीजमधे लावले, गणपतीतल्या लाइटच्या माळेसारखे, आणि उरलेलं व्होल्टेज ड्रॉपर नावाच्या वायरवाउंड रेझिस्टरवर टाकलं. उदाहरण घ्या, यूसीएच ४२ ला १४ व्होल्ट, यूएफ ४१ ला १२.६, यूबीसी ४१ ला १४, यूएल ४१ ला ४५ आणि यूवाय ४१ ला ३१, बेरीज साधारण ११७ व्होल्ट, आणि करंट सगळ्यांतून एकच, १०० मिलिअँप. आपली लाइट २३० ची, म्हणजे उरलेले ११३ व्होल्ट ड्रॉपरवर, तो एकटाच ११ वॉटची उष्णता टाकतो. हात लागला तर भाजतंच, पण तो मेनलाच जोडलेला असतो म्हणून शॉक पण बसतो.

एचटी म्हणजे व्हॉल्वना लागणारं मोठं डीसी व्होल्टेज पण असंच, लाइट थेट एसीचं डीसी करणाऱ्या रेक्टिफायर व्हॉल्वला, तिथून चार्ज साठवून डीसी सपाट करणाऱ्या फिल्टर कपॅसिटरला, आणि परतीची वायर चॅसीला. म्हणजे मेनच्या दोन वायरींपैकी एक वायर ही चॅसीच आहे. आणि आपला दोन पिनचा गोल प्लग सुलटा पण बसतो आणि उलटा पण. एका बाजूने लावला तर चॅसीवर न्यूट्रल, दुसऱ्या बाजूने लावला तर अख्ख्या चॅसीवर २३० व्होल्टचा फेज. दोन्ही वेळेस सेट अगदी सारखाच वाजतो, आवाजात काही फरक नाही, म्हणून कळायला मार्गच नसतो.

आता ओळखायचं कसं. हे सगळं प्लग काढलेला असताना करायचं, बटण बंद करून नाही, प्लग भिंतीतून बाहेर आणि डोळ्यासमोर.

पहिलं व्हॉल्ववरचे नंबर वाचा. युरोपियन पद्धतीच्या नंबरात पहिलं अक्षर हीटरचं असतं. ई असेल, जसं ईसीएच ८१ किंवा ईएल ८४, तर हीटर ६.३ व्होल्टचा आणि सेट बहुतेक ट्रान्सफॉर्मरवाला. यू असेल, जसं यूसीएल ८२, यूएल ८४, यूवाय ८५, तर १०० मिलिअँपची सिरीज, म्हणजे सावध. पी म्हणजे ३०० मिलिअँप, ते जास्त करून जुन्या टीव्हीत. अमेरिकन नंबरात पहिला आकडा साधारण हीटरचं व्होल्टेज सांगतो, त्यामुळे १२, ३५, ५० असे आकडे एकत्र दिसले, समजा १२एयू६, ५०सी५, ३५डब्ल्यू४, की बिनट्रान्सफॉर्मरचा सेट धरून चाला. मागच्या कव्हरवर एसी/डीसी लिहिलेलं असेल तर प्रश्नच मिटला.

दुसरं, आत लोखंडी पत्र्यांचा मोठा गठ्ठा दिसतो का बघा. इथे बरेच जण फसतात, स्पीकरजवळचा छोटा ट्रान्सफॉर्मर बघून खूश होतात. तो आउटपुट ट्रान्सफॉर्मर, त्याच्या वायरी स्पीकरला जातात, तो सेटला मेनपासून वेगळं करत नाही. आणि अजून एक चकवा आहे, काही सेटमधे मोठा ट्रान्सफॉर्मर असतो पण तो ऑटो असतो, म्हणजे तारेचं एकच वेटोळं (वाइंडिंग), मधून टॅप काढलेले. व्हॉल्व ई वाले, वजन भरपूर, आणि तरी चॅसी मेनलाच. म्हणून डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही, मीटर लावायचा.

तिसरं, मीटर. सेटचा स्वतःचा स्विच ऑन करा, प्लग बाहेरच ठेवा. स्विच ऑफ ठेवून मोजलं तर एक वायर तुटलेली दिसेल आणि तुम्हाला वाटेल सगळं ठीक आहे. मल्टीमीटर ओहमवर घ्या, एक प्रोब चॅसीच्या खरवडलेल्या जागी आणि दुसरा प्लगच्या एका पिनला, मग दुसऱ्या पिनला. कुठल्याही एका पिनला शून्य किंवा एक-दोन ओहम आले तर ही हॉट चॅसी, विषय संपला. काही लाख ओहम आले, २२० के किंवा ४७० के असं काही, तर चॅसी फ्लोटिंग आहे, तिच्याबद्दल खाली लिहितो. दोन्ही पिनला काहीच आलं नाही आणि पिन ते पिन काही दहा-वीस-पन्नास ओहम आले तर बहुधा खरा दोन वाइंडिंगवाला ट्रान्सफॉर्मर आहे. लग्नात वाजायचे ते मोठे भोंग्याचे व्हॉल्व अॅम्प्लिफायर बहुतेक या शेवटच्या प्रकारात मोडतात, पण मोजल्याशिवाय त्यांनाही सूट देऊ नका.

फ्लोटिंग चॅसी म्हणजे काय, तर कंपनीने परतीची वायर चॅसीला थेट न जोडता मधे एक कपॅसिटर आणि एक रेझिस्टर टाकला. लोक म्हणतात हे सेफ आहे. नाही. ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आपल्या २३० व्होल्ट ५० सायकलवर साधारण ७ मिलिअँप सोडतो, ०.०४७ चा सव्वातीन-साडेतीन. आणि हे नवीन कपॅसिटरचं झालं. त्या सेटमधला मेण लावलेला कागदी कपॅसिटर साठ-सत्तर वर्षांचा झालाय, तो लीक असणारच, कधी शॉर्ट होईल सांगता येत नाही, आणि शॉर्ट झाला की फ्लोटिंगची हॉट झाली. गिटार अॅम्प्लिफायरवाले अशा कपॅसिटरला डेथ कॅपच म्हणतात.

शरीराचा हिशोब पण माहीत असू द्या. साधारण १ मिलिअँपला झिणझिण्या कळतात, १० च्या आसपास हाताचे स्नायू आवळतात आणि पकडलेली वस्तू सुटत नाही, ३० च्या वर काही क्षण जरी छातीतून गेला तरी हृदयाची लय बिघडायची भीती. आता आपल्याकडचा एप्रिल-मे आठवा, पारा ४५ च्या घरात, अंग घामाने चिंब, पाय उघडे, खाली थंड फरशी, आणि शेजारी पाण्याने भरलेला पत्र्याचा कूलर. ओल्या त्वचेचा रेझिस्टन्स हजार ओहमच्या आसपास येऊ शकतो, म्हणजे २३० व्होल्टला २३० मिलिअँप. एक हात कूलरच्या पत्र्यावर आणि दुसरा रेडिओच्या मागे, हे मी घराघरात बघितलंय आणि दर वेळी आधी तो हात बाजूला करायला लावलाय.

हात लागतो कुठे ते पण नीट बघा, कारण बाहेरून तर लाकडी किंवा बॅकेलाइटचं कॅबिनेट असतं. नॉब गेलेला असला की उघडी दांडी, ती थेट चॅसीवर. नॉब असला तरी त्याच्या बाजूच्या भोकात छोटा ग्रब स्क्रू असतो, कंपनीने त्यावर मेण भरलेलं असायचं, ते निघून गेलेलं असतं, आणि स्टेशन लावताना बोटाचं टोक बरोबर तिथे टेकतं. खालून चॅसी कॅबिनेटला धरणारे चार स्क्रू, सेट उचलताना चारही बोटं त्यांवर. मागचं पुठ्ठ्याचं कव्हर तर शंभरातल्या नव्वद सेटला नसतंच.

सगळ्यात वाईट जागा म्हणजे मागचं पिकअप सॉकेट, ग्रामोफोन जोडायचं. मोबाईलची ऑक्स वायर लोक तिथेच लावतात. त्या वायरीची शिल्ड, म्हणजे बाहेरची जाळी, कित्येक सेटमधे थेट चॅसीला जाते, शिल्डमधून मोबाईलच्या जॅकच्या लोखंडाला, तिथून मोबाईलच्या आतल्या ग्राउंडला, आणि मोबाईल हातात. चार्जरला लावलेला असेल तर चार्जर पण धोक्यात, लॅपटॉप तीन पिनच्या चार्जरवर असेल तर फेज सरळ अर्थला, मोठा भडका आणि लॅपटॉप गेला. गिटारचं तसंच, आपल्या बँडवाल्यांच्या इलेक्ट्रिक बेंजोचं पण तसंच. तारा धातूच्या आणि बऱ्याचदा त्या शिल्डला जोडलेल्या, वाजवणाऱ्याची दहा बोटं तारांवर आणि समोर दुसऱ्या अॅम्प्लिफायरचा अर्थ केलेला लोखंडी माइक, ओठाजवळ. असं कनेक्शन करून वाजवणाऱ्याला मी हात जोडून सांगीन की थांब.

आता तो प्रश्न जो मला सगळे विचारतात: सेट बंद असला तर प्लग कशाला काढायचा? अमळनेरला एका पाहुण्यांकडे असाच सेट उघडून ठेवला होता, मी प्लग काढायला गेलो तर नाना म्हणाले, काही व्हत नही रे भो, बंद शे तो. नानांचं चुकलं नाही, कोणालाही असंच वाटेल. पण यातला स्विच कित्येक सेटमधे एकाच वायरीत असतो, आणि तो चॅसीकडच्या वायरीत असेल तर बघा काय होतं. प्लग असा बसलाय की चॅसीकडे न्यूट्रल आणि हीटरच्या टोकाला फेज. सेट चालू असताना चॅसी न्यूट्रलवर, हात लावला तरी काही नाही. सेट बंद केला की न्यूट्रल तुटला, आणि फेज ड्रॉपरमधून, सगळ्या हीटरमधून फिरत चॅसीवर येऊन बसला. चालू असताना गप्प, बंद केल्यावर शॉक. हीटर थंड असताना त्या साखळीचा आणि ड्रॉपरचा मिळून रेझिस्टन्स तेराशे-चौदाशे ओहम, त्यात माणूस जोडला तर ८०-९० मिलिअँप सहज जातात. फ्यूज उडत नाही, हीटर लाल होत नाहीत, बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. आम्ही तिथे प्लग लावून, हात लांब ठेवून मीटरने दाखवलं, चालू असताना चॅसी ते अर्थ दोन-तीन व्होल्ट, बंद केल्यावर सव्वादोनशेच्या वर. नाना बराच वेळ मीटरकडेच बघत होते.

म्हणून मोजमाप करायचं तर चार वेळा करायचं. क्लिपवाली प्रोब प्लग बाहेर असतानाच चॅसीला लावून ठेवा, दुसरी चांगल्या अर्थला, मीटर एसी ७५० च्या रेंजवर, मग प्लग लावा आणि हात मागे. सेट ऑन, सेट ऑफ, प्लग काढून उलटा, परत ऑन, परत ऑफ. चारपैकी एकात जरी मोठा आकडा आला तरी तो सेट हॉट. आणि अर्थ आधी वायरमनकडून तपासून घ्या, आपली काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगा पडतात, खड्ड्यात पाणी टाकलं नाही तर अर्थिंग नावालाच उरतं.

निऑन टेस्टरवर मात्र अवलंबून राहू नका. लागला तर धोका नक्की, पण नाही लागला म्हणजे सेफ असं नाही. दुपारच्या उजेडात तो दिसत नाही, आणि आज प्लग सुलटा आहे उद्या घरातलं कोणीतरी उलटा लावेल.

मग लोक म्हणतात तीन पिनचा प्लग लावू, न्यूट्रल कायम चॅसीकडे राहील. समोरून बघितलं तर उजवीकडचं भोक फेजचं असायला पाहिजे, पण किती घरांत वायरिंग तसं आहे? आणि वायरिंग बरोबर असलं तरी बोर्डात किंवा पोलवर न्यूट्रल सुटला, जे आपल्याकडे वादळवाऱ्यात होतंच, तर घरातल्या बल्ब-पंख्यांमधून फेज उलटा न्यूट्रलच्या वायरीवर येतो आणि तिथून तुमच्या चॅसीवर. त्यामुळे प्लगची बाजू हा उपाय नाहीये, माझं यावर ठाम मत आहे.

ज्या वस्तू लोकांना आयसोलेशन, म्हणजे मेनपासून पूर्ण वेगळं करणं, वाटतात पण नसतात त्या पण सांगतो. २३० चे ११० करणारा बाजारातला कन्व्हर्टर, अमेरिकन ११७ व्होल्टच्या सेटसाठी घेतात, तो जास्त करून ऑटो असतो. डिमरस्टॅट, म्हणजे नॉबने व्होल्टेज कमी-जास्त करायचा डबा, तो पण ऑटोच. सिरीज बल्ब, म्हणजे सेटच्या आधी वायरीत लावलेला बल्ब, करंट मर्यादित करतो, शॉर्ट असेल तर सेट वाचवतो, माणसाला वाचवत नाही. स्टॅबिलायझर, नाही. ३० मिलिअँपचा ईएलसीबी किंवा आरसीसीबी, म्हणजे करंट बाहेर गळला की लाइट तोडणारा स्विच, घरात असलाच पाहिजे, त्याने जीव वाचतात, पण या सेटमधे हाफ वेव्ह रेक्टिफायर, म्हणजे एसीची अर्धीच लाट वापरणारा, असल्यामुळे लीकेज करंट पल्सिंग डीसी, म्हणजे एकाच दिशेने ठोक्याठोक्याने जाणारा, असू शकतो आणि साधा एसी टाइपचा आरसीसीबी त्याला नीट ओळखेलच असं नाही, घेणार असाल तर ए टाइप घ्या. तरी तो शेवटची जाळी, पहिला उपाय नव्हे.

पहिला आणि खरा उपाय एकच, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. २३० इन, २३० आउट, दोन पूर्ण वेगळ्या वाइंडिंग. अमेरिकन सेट असेल तर आउट ११७ चा करून घ्या. तयार नाही मिळाला तर आपल्याकडे मोटार वाइंडिंगवाले गल्लोगल्ली आहेत, विहिरीच्या मोटारी भरणारा माणूस हे करू शकतो, फक्त त्याला स्पष्ट सांगा की दोन वाइंडिंगच्या मधे भरपूर इन्सुलेशन पेपर पाहिजे आणि दोन्हींचं एकही टोक एकत्र करायचं नाही. सेट ४५-५० वॉट घेत असेल तरी १५० व्हीएचा बनवा, कारण हाफ वेव्ह रेक्टिफायर सेकंडरीतून, म्हणजे सेटकडच्या वाइंडिंगमधून, डीसी ओढतो, कोर, म्हणजे आतला लोखंडी गठ्ठा, एका बाजूला सॅच्युरेट व्हायला लागतो आणि छोटा ट्रान्सफॉर्मर तापतो, गुणगुणतो. घेताना त्याच्याकडूनच मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावून घ्या, प्रायमरी (मेनकडची वाइंडिंग) ते सेकंडरी आणि दोन्ही ते कोर, ५०० व्होल्टवर काटा इन्फिनिटीकडे गेला पाहिजे.

तोही मिळत नसेल तर २३० ते २४ चे दोन सारखे ट्रान्सफॉर्मर घेऊन २४ ची बाजू २४ च्या बाजूला जोडा, आउटला २३० पेक्षा थोडं कमी मिळेल, जुन्या सेटला ते उलट बरंच.

बेंचवर दुरुस्तीसाठी वापरताना सेकंडरी मोकळीच ठेवा, अर्थ करू नका, मग चॅसी आणि जमीन यांच्यात सर्किट पूर्ण होत नाही. पण दोन हातांनी सेकंडरीच्या दोन टोकांना हात लागला तर शॉक बसणारच, आणि मेनचा आरसीसीबी तो बघणार पण नाही. एका ट्रान्सफॉर्मरवर दोन सेट एकदम लावू नका, एकाची चॅसी एका टोकाला आणि दुसऱ्याची दुसऱ्या टोकाला गेली की दोन चॅसींमधे २३० व्होल्ट.

कायमचं बसवायचं असेल, म्हणजे मोबाईल, गिटार, बेंजो जोडायचाच असेल, तर काम असं करा:

१. तीन कोरची नवीन वायर, तीन पिनचा प्लग. फेजमधे फ्यूज, ५०० मिलिअँप स्लो ब्लो पासून सुरू करा, चालू करताना उडत असेल तर १ अँपिअर, त्यापुढे नाही. मग दोन्ही वायरी तोडणारा डबल पोल स्विच, मग ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी.

२. सेकंडरी सेटच्या आतच कायमची जोडा, मधे प्लग-सॉकेट ठेवू नका, नाहीतर कोणीतरी ट्रान्सफॉर्मर काढून थेट लावेल.

३. चॅसी, सिग्नलचं ग्राउंड आणि ट्रान्सफॉर्मरचा कोर तिन्ही अर्थला, नट-बोल्ट आणि स्टार वॉशरने, रंग खरवडून.

४. जुने कागदी कपॅसिटर काढा. मेन ते चॅसी जाणारा डेथ कॅप काढूनच टाका. मेनच्या दोन वायरींमधे कपॅसिटर हवा असेल तर मेनसाठीच बनवलेल्या एक्स२ जातीचाच, आणि ज्या सेटला आयसोलेशन नाही त्याच्या चॅसी किंवा एरियलच्या कपॅसिटरच्या जागी शॉर्ट होऊ नये असा बनवलेला वाय जातीचाच.

५. परत ओहमवर मोजा, प्लगच्या फेज आणि न्यूट्रल पिन ते चॅसी काही येता कामा नये, अर्थ पिन ते चॅसी शून्य.

आत हात घालायच्या आधी फिल्टर कपॅसिटर रिकामे करणं विसरायचं नाही. मेनचं पीक ३२५ व्होल्टपर्यंत जातं, आणि एखाद्या व्हॉल्वचा हीटर तुटला असेल तर भार नसल्यामुळे चार्ज बराच वेळ राहू शकतो. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका, ठिणगीने कपॅसिटर आणि डोळे दोन्ही जातात. १० के ५ वॉटचा रेझिस्टर, इन्सुलेटेड क्लिपा, दहा सेकंद धरा, मग डीसीवर मोजा, १० व्होल्टच्या खाली आलं की कामाला लागा. पायात चप्पल, खाली कोरडं लाकूड किंवा रबर मॅट, अंगठी-कडं काढून, डावा हात खिशात, आणि मेन स्विच कुठे आहे हे माहीत असलेलं एक माणूस घरात. कोणाला शॉक लागून चिकटला तर त्याला धरू नका, मेन बंद करा, नाही जमलं तर कोरड्या लाकडाने वायर बाजूला करा, १०८ लावा, आणि श्वास नसेल तर लगेच छाती दाबायला सुरू करा.

अमेरिकन १९३० च्या दशकातले काही सेट असतात ज्यांची मेन वायरच रेझिस्टन्सची असते, लाइन कॉर्ड म्हणतात तिला, चालू असताना गरम होते. ती कापून छोटी करायची नाही, हीटर जळतील, आणि तिच्यात अॅसबेस्टॉस असतं त्यामुळे सोलायची पण नाही, तशीच प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा.

आणि एवढं सगळं करणं सध्या शक्य नसेल, सेट फक्त शोकेसमधे ठेवायचाय, तर त्याची मेन वायर सेटपासून वीतभर अंतरावर कापा, टोकं वेगवेगळी टेप करा, आणि मागच्या कव्हरच्या आतून मोठ्या अक्षरात लिहा: ट्रान्सफॉर्मर नाही, चॅसी मेनला जोडलेली आहे, आयसोलेशनशिवाय लावू नका. खाली तारीख टाका.